रिकाम्या पेटीतला हार

आत्याकडे दागिन्यांच्या पेट्या होत्या, दागिने नव्हते. लहानपणापासून मी हे इतक्या जणांना सांगितलं आहे की मला त्यात काही विचित्र वाटेनासं झालं आहे. ऐकणारा मात्र हमखास विचारतो, "मग पेट्यांत ठेवते काय?" काहीच नाही. पेटी रिकामी असणं हीच तिची अट. जुन्या बाजारात एखाद्या पेटीबरोबर चुकून कानातलं किंवा एखादी पिन आलीच, तर ती विकणाऱ्याला परत द्यायची. "हे तुमचं राहिलं," म्हणायची, जणू तो छत्री विसरून निघाला होता.

तिच्या मागच्या खोलीत दोन भिंती भरून फळ्या होत्या. एक पेटी अक्रोडाच्या लाकडाची, झाकणावर शिंपल्याचे तुकडे बसवलेली. एक काळी, लाखेचा गुळगुळीत हात दिलेली. तिच्यावरचा बगळा अर्धाच उरला होता, बाकीचा अर्धा कुणाच्या तरी अंगठ्याने रोज थोडा थोडा पुसून नेला होता. एका अंगठीपुरती चिनीमातीची, अंड्याएवढी. प्रवासात न्यायची एक होती, तिचं झाकण उचललं की आतले कप्पे जिन्याच्या पायऱ्यांसारखे आपोआप वर येत. आणि चामड्याच्या चपट्या पेट्या, ज्या एकेका दागिन्यासाठीच बेतलेल्या असतात, बाहेरून पाहिल्या तर पुस्तकांसारख्या.

"नक्षी लोकांसाठी असते," आत्या म्हणायची. "आपण आत बघायचं."

आत मखमल असायची आणि मखमलीवर खूण. एखादी वस्तू वर्षानुवर्षं एकाच जागी पडून राहिली की मखमलीची लव तिच्या वजनाने दबते. वस्तू जाते, दबलेपण राहतं. आत्या ते दबलेपण जमवत होती. चंद्रकोरीएवढी एक पिन, जोडीने झोपलेल्या दोन बांगड्या, एका घड्याळाची गोल झोप. ती कुठल्याही दागिन्याबद्दल बोलताना झोप हाच शब्द वापरायची, त्यामुळे त्या खोलीत आम्ही मुलं आपोआप हळू बोलायचो.

आत्याचं आयुष्य बटणांच्या दुकानात गेलं. गल्ल्यामागच्या छोट्या खणांत हजारो बटणं, आणि गिऱ्हाईकाने कोटाची बाही पुढे केली की ती न बघता खणात हात घालून जोडीचं बटण काढायची. तिची बोटं तिच्या डोळ्यांच्या आधीपासूनच शहाणी होती. हे पुढे कामाला आलं, कारण म्हातारपणी तिची नजर मधूनच गेली. मधूनच म्हणजे अधूनमधून नव्हे. नजरेचा मधला भाग गेला. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. दाराची चौकट दिसते, दारात उभा असलेला माणूस नाही. डॉक्टरांनी तिला चित्र काढून समजावलं, तेव्हा ती हसली. "म्हणजे आता मला सगळंच पेटीसारखं दिसणार," ती म्हणाली. "कडा आहेत, आत कुणी नाही."

रोज दुपारी जेवण झालं की ती पडदा ओढून घ्यायची आणि विचारायची, "आज कुणाचा नंबर?" पेट्यांचे नंबर लागलेले होते, वरच्या फळीच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या फळीच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत. एका दुपारी एकच पेटी. ती उघडायची, एक बोट खुणेवरून एकदाच फिरवायची, पीस फिरवावं तसं, आणि झाकण लावायची. दुसऱ्यांदा नाही. आणि दुसऱ्या कुणाचं बोट तर नाहीच. "मखमल लाजाळू असते," म्हणायची. "फार विचारलं की विसरते."

मला हे पटायचं, कारण माझी नोकरीच ती आहे. मी कापडं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे एक यंत्र कापड घासत राहतं आणि एक दिवा कापडावर जळत राहतो. किती घासल्यावर लव झिजते आणि किती उजेडात रंग उडतो, ते मी बघते. आत्याच्या मते मी कापडांचा छळ करून पगार घेते. मला ती चिमटी म्हणते, कारण लहानपणी मी जेवणातला खडासुद्धा तिचा भुवया कोरायचा चिमटा आणून काढायचे.

खालच्या फळीच्या शेवटी, सगळ्यात उजवीकडे, आजीची पेटी होती. आजी म्हणजे आत्याची आणि माझ्या बाबांची आई. आत्या पाळण्यात होती तेव्हाच ती गेली. पुढे घराला गरज पडली, तिचा हार गेला, पेटी राहिली, कारण पेटीला कुणी विचारत नाही. ती आत्याला खेळायला मिळाली. आईचा चेहरा तिला आठवत नाही, आवाज आठवत नाही. पण वाइनच्या रंगाच्या त्या मखमलीवर एक हार दबलेला होता: वर दोन आकड्यांना अडकवलेली दोन टोकं, दोन्ही बाजूंनी उतरत येणारी बारीक पानं, आणि मध्ये खाली लोंबणारा एक थेंब. बाकीचा सगळा संग्रह या एका पेटीभोवती जमत गेला होता, पाण्यात पडलेल्या खड्याभोवती कडी पसरत जावीत तसा.

या हारावरून बाबांचं आणि तिचं आयुष्यभर वाजलं. बाबा तिच्यापेक्षा बरेच मोठे, शाळेत जाणारे, त्यामुळे त्यांना आई आठवायची आणि त्या आठवणींवर त्यांचा मालकीहक्क होता.

"आई ना, तो हार घालून घरभर फिरायची," आत्या म्हणायची.

"तू पाहिलंस?" बाबा विचारायचे. "तुला तर दातही नव्हते. मी कधी तिच्या गळ्यात पाहिला नाही. वस्तू वापरायची तिला सवयच नव्हती. चांगल्या बशा कपाटात, आणि ही कान तुटलेल्या कपातून चहा पिणार. जपण्यात जन्म गेला तिचा."

"हार जपायला असतो का?"

"तिच्यासाठी होता. ती तो नुसता बघायची. खिडकीशी पेटी उघडी ठेवून."

बाबा गेले तेव्हा मला वाटलं होतं की हा वादही गेला. पण एकदा दुपारी, पेटीचं झाकण लावता लावता ती म्हणाली, "त्याचं खरं असेल तर फार वाईट आहे गं. एवढंसं आयुष्य, आणि तेही नुसतं बघत." तेव्हा मला कळलं की या पेटीत ती बोटाने नुसता हार पाहत नव्हती. ती काहीतरी विचारत होती, आणि मखमल उत्तर देत नव्हती.

*

गावातल्या वस्तुसंग्रहालयात जुन्या घरगुती चीजांचं प्रदर्शन भरणार होतं. माझ्या वहिनीने तिथे आत्याच्या पेट्यांबद्दल सांगितलं. वहिनीचं हे असंच असतं. तिला कुणाचीही कुठलीही गोष्ट चार लोकांना दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी तीन पेट्या मागितल्या. कप्पेवाली, अर्ध्या बगळ्याची, आणि आत्याने फार विचार करून दिलेली तिसरी: आईची.

"हिची बिजागरी कुरकुरते," आत्या म्हणाली. "तेवढी नीट करून घे. काचेच्या कपाटात कुरकुरलेली बरी नाही दिसत."

"काचेच्या कपाटात कोण उघडझाप करणार आहे, आत्या?" वहिनी म्हणाली.

"मी ऐकणार आहे ना."

वहिनीने तिन्ही पेट्या पेटीवाल्याकडे दिल्या. हा गृहस्थ जुन्या पेट्या, वाद्यांच्या खोळी आणि चष्म्यांची घरं दुरुस्त करतो. त्याच्या कामाला खोट नाही. मी आणि वहिनी पेट्या आणायला गेलो तेव्हा त्याने आधी हात पुसले, मग टेबलावर एक स्वच्छ फडका पसरला, आणि तिन्ही पेट्या अशा ठेवल्या की जणू आम्हीच प्रदर्शनाला आलो होतो.

"ऐका," तो म्हणाला आणि आजीच्या पेटीचं झाकण उघडलं. जराही आवाज आला नाही.

वहिनी म्हणाली, "वा! आणि आत काय सुंदर केलंय!"

मी आत पाहिलं. मखमल ताठ उभी होती. एकसारखी, दाट, पाऊलवाट नसलेल्या गवतासारखी. आकडे होते. आकड्यांना काही अडकलेलं नव्हतं आणि खाली काही दबलेलं नव्हतं.

"वाफ दिली," पेटीवाला म्हणाला. "उलट्या बाजूने ब्रश. पार चपटी पडली होती हो. बाई म्हणाल्या होत्या, आतूनही जरा बघा, म्हणून बघितलं. जुना माल आहे, एकदा वाफ लागली की कसा जीव धरतो. त्याचे वेगळे पैसे काही लावलेले नाहीत."

वाफ दिली की दबलेली लव उठते. हे मला शाळेपासून ठाऊक आहे. त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. कुणीही शहाणा माणूस मखमलीचं जे करेल ते त्याने केलं होतं. मखमल चपटी हवी असलेलं जगात एकच घर होतं आणि ते त्याला माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर मी वहिनीला सांगितलं. ती रस्त्यातच थांबली.

"म्हणजे हार पुसला?"

"हो."

"मी पुसला?"

"वाफेने पुसला."

"पण वाफ मी सांगितली." तिने पिशवी छातीशी धरली. "मला वाटलं, धूळ असेल. म्हटलं आत्यांची पेटी लोक बघणार, आत कळकट नको दिसायला. अगं, मला काय माहीत की कळकट तोच हार होता!"

तिला रडू येत होतं आणि आपण रस्त्यात उभे आहोत म्हणून ती ते थांबवत होती. मग नाक पुसून ती म्हणाली, "तू शास्त्रज्ञ बाई आहेस ना? परत दाब."

*

मी ते शक्य आहे का याचा विचार सुरू केला, आणि तो इतका सोपा निघाला की मला भीती वाटली. पितळेच्या चपट्या तारेचा हार वाकवायचा. मखमलीला थोडी ओल द्यायची, तार ठेवायची, वर वजन, आणि वाट बघायची. आत्याच्या रोजच्या पेट्यांचा नंबर अजून वरच्या फळीवर होता. प्रदर्शन उरकून पेटी घरी येईल आणि तिचा नंबर लागेल तोवर लव पुरती दबली असती. बोटाला फरक कळला नसता. कदाचित.

अडचण एकच होती: आकार. मी ती खूण लहानपणापासून पाहिली होती, पण पाहणं म्हणजे मोजणं नाही, आणि हात लावायची मुभा आम्हाला कुणालाच नव्हती. किती पानं होती? थेंब किती खाली होता? आत्याच्या बोटाला हे सगळं पाठ होतं. चूक झाली तर ती बटण जुळत नसल्यासारखी लगेच कळली असती.

संग्रहालयाला पेट्या पोहोचवायला थोडी सवड होती. सकाळी प्रयोगशाळेत कुणी यायच्या आत मी आजीची पेटी नेली, टेबलावर उघडी ठेवली आणि बाजूने दिवा लावला. कापडावरचं काही शोधायचं असेल तर उजेड वरून टाकायचा नसतो. तो बाजूने, अगदी टेबलाला लागून सोडायचा, सूर्य मावळताना शेतात येतो तसा. मग जमिनीतला प्रत्येक उंचसखलपणा बोलतो.

उंचसखलपणा काहीच नव्हता. पेटीवाल्याने काम चोख केलं होतं. मी दिवा सरकवत वर आणला, आणि तेव्हा मखमलीतून हार वर आला.

मला दुसरा शब्द सुचत नाही. पाण्याखाली काहीतरी असावं आणि पाणी थांबताच दिसावं, तसा. दबलेला नव्हता, रंगाचा होता. बाबा म्हणायचे तसं आजी पेटी खिडकीशी उघडी ठेवायची. उजेडाने मखमलीचा रंग उडत गेला होता, पण हाराखाली उजेड पोहोचला नव्हता. तिथे तो वाइनचा रंग अजून गडद होता. इतकी वर्षं लव चपटी होती म्हणून हा फरक कुणाला दिसला नव्हता; दबलेल्या लवेची चकाकी त्याच्यावर पसरलेली असायची. आता प्रत्येक धागा आपापल्या जागी उभा होता आणि आपला रंग दाखवत होता.

मला हायसं वाटलं. आकार मिळाला. मी पातळ पारदर्शक कागद पसरला, भिंग ओढलं आणि वरच्या आकड्यापासून पेन्सिलने कड गिरवायला घेतली.

आकड्याजवळ कड सुईसारखी होती. पहिली पानंही स्पष्ट. मग, जसजशी मी खाली येत गेले, तसतशी कड पसरू लागली. एका पानाच्या जागी त्याच्या बाजूला आणखी एक फिकट पान. मग तिसरं, अर्धवट. मी भिंग पुसलं. माझे डोळे शिणले असतील म्हणून उठले, पाणी प्यायले, परत बसले. खाली मध्ये, जिथे एक थेंब असायला हवा होता, तिथे थेंबांचा पुंजका होता. एक जरा डावीकडे, एक उजवीकडे, एक वर, आणि त्यांच्या मध्ये सगळ्यांनी मिळून केलेला एक गडद धूसर ठिपका. झुलणाऱ्या वस्तूचा फोटो काढला तर येतो तसा.

पेन्सिल कुठल्या कडेवरून न्यायची?

मी पेन्सिल खाली ठेवली. खिडकीबाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, एका लयीत. खोलीत ऊन आलं नव्हतं, पण येण्याच्या बेतात होतं. मला असं वाटत राहिलं की समोर मखमल नाहीच, एक संथ दुपार आहे, आणि तिच्यात कुणीतरी पुन्हा पुन्हा येऊन जातं आहे.

हाराची टोकं आकड्यांना अडकवलेली, म्हणून तिथे कड एकच. खालचा भाग मोकळा. तो ठेवताना दर वेळी थोडा वेगळा पडणार. पण वेगळा पडण्यासाठी आधी तो उचलावा लागतो. मखमलीचा रंग एका दुपारीत उडत नाही; तो हळूहळू, महिनोन्‌महिने उडतो. हार एकदाच ठेवून दिला असता तर एकच स्वच्छ कड उमटली असती. बोटाखाली येणारी ती खूण फक्त शेवटची होती, पेटी कायमची मिटल्यानंतरची. तिच्या आधीच्या सगळ्या या इथे होत्या.

मी कागद काढून घेतला. पितळेची तार पुन्हा खणात ठेवली. आता ती पेटीत दाबायची म्हणजे यांतली एक कड खरी धरून बाकीच्यांवर वजन ठेवायचं. ते मला जमणार नव्हतं.

*

वहिनीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी कुणी सांगायचं, तू की मी?" मी म्हटलं, मी सांगते. ती म्हणाली, "नको, मी. वाफ माझी आहे." असं ठरवून आम्ही दुपारी आत्याकडे गेलो आणि दोघीही चहावर चहा पीत बसलो.

आत्याने मान थोडी तिरकी करून आमच्याकडे पाहिलं. समोरचं दिसत नसल्यामुळे तिला ज्याला बघायचं असेल त्याच्या जरा बाजूला बघावं लागतं.

"दोघी आल्यात आणि दोघी गप्प," ती म्हणाली. "कुणी गेलं का?"

"नाही नाही," वहिनी म्हणाली. "पेट्या आणल्यात. बिजागरी झाली. उद्या संग्रहालयात न्यायच्या."

"आण इकडे. ऐकू दे."

"आत्या, त्याआधी मला जरा—"

पण आत्याने पिशवीत हात घातला होता. तिने तिन्हींतून नेमकी तीच बाहेर काढली, मांडीवर ठेवली, झाकण उघडलं. आवाज आला नाही. ती समाधानाने हुंकारली. मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे, नंबर नसतानाही तिने बोट आत नेलं.

बोट डाव्या आकड्यापासून निघालं आणि थांबलं. परत आकड्याशी गेलं, परत निघालं. एरवी एकदाच फिरणारं ते बोट आता रस्ता चुकलेल्या माणसासारखं फिरत होतं.

"गेला," आत्या म्हणाली.

वहिनी एकदम तिच्या पायाशी जमिनीवर बसली. "आत्या, मी सांगितलं त्याला आतून बघ म्हणून. त्याने वाफ दिली. त्याचा काही दोष नाही, माझाच आहे. मला बोला तुम्ही. काहीही बोला."

आत्याचा हात पेटीत तसाच होता, तळवा पालथा. तिचा चेहरा मी कधी इतका रिकामा पाहिला नव्हता. ती म्हणाली, "लहानपणी हा हार गेला तेव्हा मला कळलंच नव्हतं. आज कळलं."

वहिनी रडू लागली. आत्याने दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला, पण तो नुसता ठेवला होता.

"आत्या," मी म्हटलं, "तुझं बोट दे."

"कशाला?"

"दे तर."

मी तिच्याशेजारी बसले, तिचं बोट माझ्या हातात घेतलं आणि आकड्याशी नेलं. "इथे टोक अडकवलेलं. इथून पानं उतरतात. दबलेली नाहीत, पण रंग आहे. उजेड हाराखाली गेला नाही, म्हणून तिथली मखमल अजून गडद आहे. मला दिसते. मी नेते तिथे ये." आणि मी तिचं बोट डाव्या कडेवरून हळूहळू खाली आणलं, थेंबापर्यंत, आणि उजवीकडून वर. तिचं बोट माझ्या हातात मुलासारखं निमूट येत होतं.

"हा एक," मी म्हटलं. "आता परत." मी बोट पुन्हा आकड्याशी नेलं आणि तिथून जरा आतल्या बाजूने खाली आणलं. "हा दुसरा."

"दुसरा कसला? हार एकच होता."

"हार एकच. पण तो इथे एकदाच ठेवलेला नाही, आत्या. हा तिसरा. इथे बघ, खाली, इथे थेंब इतक्या वेळा पडलाय की मोजता येत नाही. दर वेळी थोडा इकडे, थोडा तिकडे."

आत्याचं बोट त्या जागेवर थांबलं.

"म्हणजे?"

"म्हणजे तो पुन्हा पुन्हा काढला आणि पुन्हा पुन्हा ठेवला. दीर्घ काळ. एवढं नक्की सांगता येतं." मला इथे थांबायला हवं होतं हे कळत होतं, पण सवय जात नाही. "तो तिने घातलाच असं मात्र मखमलीवरून म्हणता येत नाही. नुसता काढला, ठेवला, एवढंच."

आत्याने मान वळवून माझ्या कानाच्या बाजूला रोखून पाहिलं.

"चिमटे," ती म्हणाली, "हार काढून माणूस काय करतं गं? त्याने भाजी चिरतं?"

वहिनी रडता रडता फस्सकन हसली आणि मग तिला दोन्ही आवरेना. मीही हसले. काही निष्कर्ष प्रयोगशाळेबाहेर काढायचे असतात.

"पण बाबा म्हणायचे, त्यांनी कधी पाहिलं नाही," मी म्हटलं.

"तो कसा पाहील? तो शाळेत. वडील कामावर." आत्याचा आवाज इतका खाली आला की पडद्याची सळसळ त्याच्यावरून गेली. "दुपारी घरात कोण असायचं?"

वहिनी जमिनीवरच जरा पुढे सरकली.

"मी असायचे," आत्या म्हणाली. "पाळण्यात. ती हार घालायची आणि फक्त मी असायचे."

तिने डोळे मिटले. ती काही आठवायचा प्रयत्न करत होती असं नाही. तिथे काही आठवण्यासारखं नाही हे तिला माहीत होतं. ती नुसती तिथे जाऊन बसली होती. उन्हाची एक खोली, खिडकीशी उघडी पेटी, आणि कुणीतरी मान वाकवून मागे आकडा अडकवतं आहे. एका बाजूला एक मूल, ज्याला दात नाहीत आणि ज्याला हे कुणाला सांगता येणार नाही. मला ती खोली दिसली. वहिनीलाही दिसली असावी, कारण तिने तोंडावर हात ठेवला.

आत्याच्या गळ्यात चष्मा अडकवायची माळ असते. दुकान सोडताना तिने स्वतःसाठी प्रत्येक खणातलं एकेक बटण घेतलं आणि ती ओवली. शिंपल्याची, शिंगाची, लाकडाची, काचेची. आता चष्म्याचा तिला काही उपयोग नाही, तरी माळ असते. तिने चष्मा सोडवून बाजूला ठेवला, माळ गळ्यातून काढली आणि चाचपत तिची दोन टोकं पेटीतल्या आकड्यांना अडकवली. रिकाम्या पेटीत काहीतरी ठेवताना मी तिला प्रथमच पाहत होते. बटणं मखमलीवर अलगद उतरली.

"कुठे पडली?" तिने विचारलं.

"थेंबाच्या जरा डावीकडे."

तिने माळ काढली, गळ्यात घातली, दोन श्वास तशीच बसली, पुन्हा काढून ठेवली. "आता?"

"आता उजवीकडे. आणि थोडी वर."

"हं." तिला ते फार आवडलं. "ही संग्रहालयात जाणार नाही. बाकीच्या दोन न्या. आणि सूनबाई, रडून झालं असेल तर पडदा उघड."

वहिनी उठली आणि पडद्यापाशी थांबून तिने माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीत दुपारी पडदा कधी उघडत नसे. उजेड काय करतो हे तिथे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो आजीच्या साऱ्या कडा हळूहळू पुसणार होता, आणि बटणांखालची मखमल तेवढी गडद राहणार होती.

"उघड," मी म्हटलं.

ऊन आधी फळ्यांवर आलं, अक्रोडाच्या पेटीवरच्या शिंपल्यांवर, मग जमिनीवरून सरकत आत्याच्या मांडीपर्यंत. पेटी उघडी होती. आत्याने माळ उचलली आणि गळ्यात घातली.